प्रश्न आपले, उत्तरे आमची : काढणी लांबली, तोवर कोणती कामे उरकावीत?

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. परतीचा पाऊस थांबत नाही, सोयाबीन आणि भात काढणीला येऊन उभे आहेत, शेतात पाय घालता येत नाही आणि रब्बीची वेळ हातातून चालली आहे. म्हणून या वेळी कीड-रोगांविषयीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले असून लांबलेल्या काढणीशी संबंधित प्रश्नांनाच जागा दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे ६ एकर सोयाबीन आहे. त्यापैकी २ एकरांतील कापून गंजी लावली आहे, उरलेले उभे आहे आणि पानगळ पूर्ण झाली आहे. रोज दुपारी पाऊस येतो. मजूर म्हणतात की सकाळी कापून घेऊ. उभे पीक कापावे की थांबावे, आणि थांबायचे असेल तर या दिवसांत काय करावे? (एक शेतकरी, औसा, जि. लातूर)

उत्तर : पुढील दोन-तीन दिवस पावसाचा अंदाज असेल, तर उभे पीक कापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उभ्या झाडावरच्या शेंगेला चारही बाजूंनी वारा लागतो आणि दोन तासांचे ऊन मिळाले तरी ती बरीच सुकते. तेच झाड कापून ओल्या काळ्या जमिनीवर पसरले, तर खालची बाजू दिवसभर ओलीच राहते आणि सोयाबीनच्या बियाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसल्यामुळे शेंगेतच मोड येतात. उभ्या पिकालाही धोका आहेच. पक्व शेंग वारंवार भिजून सुकली की तिचे शिवण उकलते आणि दाणे जमिनीवर सांडतात. जेएस-३३५ सारख्या जुन्या वाणात हे लवकर घडते, तर फुले संगम (केडीएस-७२६) सारखे वाण मुळातच काहीसे उशिरा येत असल्याने थोडी सवड देतात. आपल्या शेतात एकापेक्षा जास्त वाण असतील, तर उघडीप मिळताच आधी कोणता तुकडा कापायचा हे आजच ठरवून ठेवावे. जो वाण लवकर फुटतो तो आधी, त्यातही जो तुकडा उंचावर आहे तो सर्वांत आधी, असा क्रम ठेवावा.

खरी काळजी आपल्या लावलेल्या गंजीची आहे. गंजी आधी काठीने हलवावी आणि मगच आत कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत ऊब लागली किंवा आंबूस वास आला, तर गंजी तापू लागली आहे असे समजावे आणि ऊन मिळेल त्या तासाभरातही ती फोडून पसरावी. गंजी वरपासून खालपर्यंत ताडपत्रीत गच्च गुंडाळून ठेवण्याची चूक पुष्कळ ठिकाणी दिसते. आतली वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पावसाने झाले नसते इतके नुकसान बुरशीने होते. बुडाशी पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा थर द्यावा, माथा उतरता ठेवावा, ताडपत्री माथ्यावरून अर्ध्यापर्यंतच सोडावी आणि पाऊस नसेल तेव्हा बाजू मोकळ्या कराव्यात. गंजीभोवती वीतभर खोल चर काढून तो शेताच्या उताराकडे न्यावा. गंजी उसकताना हात थेट आत न घालता आधी काठीने हलवावे, कारण या दिवसांत घोणस आणि फुरसे कोरड्या जागेच्या शोधात तिथेच येऊन बसतात.

आता थांबण्याच्या दिवसांविषयी. अशा वेळी माणूस बांधावर उभा राहून आभाळाकडे पाहत राहतो किंवा ओल्या शेतात उगाच काहीतरी करत राहतो, आणि दोन्हींत दिवस जातो. पहिले काम कुदळ-फावड्याचे आहे. शेतात जिथे पाणी साचते तिथून बाहेर जाणारी वाट मोकळी करावी, कारण पाऊस थांबल्यावर काढणी किती दिवसांनी सुरू होईल हे पुष्कळसे या चरावरच अवलंबून असते आणि पुढच्या हरभऱ्याचा वाफसाही (मशागत-पेरणीला योग्य अशी जमिनीची ओल) त्यावरच ठरतो. दुसरे काम मजुरांशी बोलण्याचे आहे. आपल्याकडे काढणीचे गुत्ते बॅगेच्या, म्हणजे एक पिशवी बियाणे पेरलेल्या क्षेत्राच्या, हिशेबाने ठरते. उघडीप पडली की सगळ्या गावाला एकाच दिवशी मजूर लागतात आणि बॅगेचा दर सकाळ-संध्याकाळ बदलतो, म्हणून दर, माणसांची संख्या आणि कोणत्या तुकड्यापासून सुरुवात करायची हे पावसातच ठरवून घ्यावे. तिसरे काम ताडपत्र्यांचे. प्रत्येक ताडपत्री घरात उजेडासमोर धरावी म्हणजे भोके दिसतात, आणि ती आजच चिकटवून घ्यावीत.

हवामानाच्या अंदाजासाठी मेघदूत अॅप वापरावे. जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. विजांच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी अॅप मोबाइलमध्ये असावे. ऑक्टोबरमधील पाऊस बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतो आणि त्या वेळी माणसे झाडाखाली किंवा गंजीच्या आडोशाला थांबलेली असतात, म्हणून ही सूचना मजुरांनाही सांगून ठेवावी.

प्रश्न : घरचे मळणी यंत्र आहे. मागील हंगामात ओलसर माल टाकल्यामुळे ते सारखे अडकत होते आणि दाण्यांची डाळही फार झाली. या वेळी काय दक्षता घ्यावी? (एक वाचक, चिखली, जि. बुलढाणा)

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. ओला पाला ड्रमभोवती गुंडाळला जातो, जाळीची भोके बुजतात आणि न फुटलेल्या शेंगा कुटारासोबत (भुशासोबत) बाहेर पडतात. ते पाहून चालक ड्रमची गती वाढवतो, म्हणजे ओला दाणा दबतो आणि सुका दाणा फुटतो. शिफारस अशी आहे की दाण्यात १४ ते १६ टक्के ओलावा असताना ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५०० आणि ओलावा १३ ते १४ टक्क्यांवर आला असता ३०० ते ४०० ठेवावेत. बियाण्यासाठी राखायचा माल तर कमी गतीवरच काढावा. एकाच दिवसात सकाळचा आणि दुपारचा माल वेगळा असतो हेही ध्यानात ठेवावे. सकाळी दहिवराने शेंग मऊ असते, म्हणून मळणी ११ नंतर सुरू करणे बरे.

पावसाच्या या दिवसांत यंत्र गोठ्यात किंवा शेडमध्ये घेऊन उघडावे. चाळण्यांमागे उंदरांची घरटी असतात, ती काढावीत. ड्रमचे दात झिजलेले वा वाकलेले असतील तर बदलावेत, बेअरिंगमध्ये ग्रीस भरावे, पट्टा ताणून पाहावा आणि एक जादा पट्टा आणून ठेवावा. तालुक्याच्या दुकानातला पट्टा ऐन मळणीच्या दिवशीच संपतो, हा अनुभव आपल्यालाही असेल. सगळे नट-बोल्ट आवळून यंत्र १० मिनिटे रिकामे चालवावे आणि आवाज ऐकावा. ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावरील आवरण नसेल, तर ते बसवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. साडीचा पदर, उपरणे आणि ढगळ बाह्या यांमुळे होणारे अपघात दर हंगामात घडतात. पेंढ्या सरकवणाऱ्या माणसाला रात्री उशिरापर्यंत एकट्याने उभे करू नये.

भाड्याचा हार्वेस्टर बोलावण्याचा विचार असेल, तर जमीन पाहून निर्णय घ्यावा. ओल्या काळ्या जमिनीत त्याची चाके खोल चाकोऱ्या पाडतात, खालचा थर दाबला जातो आणि त्या पट्ट्यात पुढचा हरभरा खुरटा राहतो. खाली लागलेल्या शेंगाही कापणीत सुटतात. एक-दोन दिवस थांबणे शक्य असेल, तर थांबावे.

प्रश्न : व्यापारी ओले सोयाबीन जागेवर घ्यायला तयार आहे, पण दर बराच कमी सांगतो. वाळवून विकावे की आहे तसे द्यावे? (एक शेतकरी, मालेगाव, जि. वाशीम)

उत्तर : येथे भावनेपेक्षा हिशेब उपयोगी पडतो. १८ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन म्हणजे ८२ किलो कोरडा माल आणि १८ किलो पाणी. तेच १२ टक्क्यांपर्यंत वाळवले, तर वजन सुमारे ९३ किलो भरते. म्हणजे वाळवण्यात क्विंटलमागे ७ किलोंची तूट येते. समजा सुक्या मालाचा बाजारभाव ४,५०० रुपये आहे; तर ९३ किलोंचे साधारण ४,१८५ रुपये होतात. आपल्या ओल्या मालाला व्यापारी याच्या जवळपास दर देत असेल आणि वाळवायला जागा व माणसे नसतील, तर विकून मोकळे व्हावे. तो ३,५०० सांगत असेल, तर तो पाण्याचे वजन वजा करून त्यावर आपल्या अडचणीचीही किंमत वसूल करतो आहे.

हमीभावाने खरेदी होणाऱ्या सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती, परंतु अशी सवलत दर वर्षी मिळेल असे गृहीत धरून माल केंद्रावर नेऊ नये. परत आणण्याचे गाडीभाडे आपल्याच माथी बसते. ओलावामापक जवळ नसेल, तर घरी अंदाज घेता येतो. कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडे मीठ आणि मूठभर दाणे घालून काही मिनिटे हलवावे. मीठ बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ सुटे राहिले, तर त्याखाली आहे. ही चाचणी ढोबळ आहे, पण माल गाडीत भरावा की नाही हे ठरवण्यास ती पुरते.

वाळवताना ढीग न करता दोन-तीन बोटांचा थर द्यावा आणि दर तासाला पायाने किंवा दाताळ्याने सऱ्या पाडून उलटावा. भिजून पिचलेला, काळपट पडलेला माल चांगल्या मालात मिसळू नये. त्यामुळे सगळ्याच मालाचा दर पडतो.

प्रश्न : आमच्याकडे रब्बी ज्वारीवर घर आणि गुरे दोन्ही चालतात. ऑक्टोबर अर्धा सरला तरी वाफसा नाही. घाई करून पाळी (वखरणी) घालावी का? (एक शेतकरी, करमाळा, जि. सोलापूर)

उत्तर : पाळी घालू नये. भारी जमीन ओली असताना वखर किंवा रोटाव्हेटर फिरवला, तर ढेकळे पडतात, ती उन्हात विटेसारखी वाळतात आणि बी कोरड्या पोकळीत पडते. चार-पाच बोटे खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकावा. तो फुटून विखुरला तर वाफसा आला, नुसता चपटा झाला तर आणखी थांबावे.

कोरडवाहू रब्बी ज्वारीचा शिफारस केलेला काळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर आहे. त्यानंतर काही दिवसांनी पेरलेली ज्वारी येत नाही असे नाही, मात्र तिला दाणे भरताना ओल कमी पडते. या वर्षी पाऊस लांबल्याने जमिनीत ओल खोलवर आहे ही जमेची बाजू धरली, तर खोल जमिनीत आठवडाभराच्या उशिराने ज्वारी घेण्यास हरकत नसावी. मध्यम जमिनीत आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मात्र हरभऱ्याचा विचार करावा. विजयसारखा वाण उशिरा पेरणीलाही चालतो. सगळे क्षेत्र हरभऱ्याला देऊन कडब्याची सोय मोडू नये, एवढे मात्र सांगावेसे वाटते, कारण उन्हाळ्यात कडबा विकत घेण्याची वेळ आली की हरभऱ्याचा नफा त्यातच जातो. ओलिताखालच्या हरभऱ्याला २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा काळ मिळतोच. गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते आणि पुढील प्रत्येक पंधरवड्याच्या उशिरामागे हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते असा अनुभव आहे.

वाफशाची वाट पाहताना पेरणी यंत्र तपासून घ्यावे, कारण हे काम नेहमी पेरणीच्या सकाळी केले जाते आणि मग ते होत नाही. यंत्राचे चाक जमिनीपासून उचलून टेकू द्यावा. समजा यंत्राला ३० सें.मी. अंतरावर ७ फण आहेत, म्हणजे पेरणीची रुंदी २.१ मीटर, आणि चाकाचा परीघ दीड मीटर आहे. चाकाच्या ५० फेऱ्यांत यंत्र साधारण १५७ चौरस मीटर पेरते. हेक्टरी ७० किलो हरभरा पडावा असे वाटत असेल, तर ५० फेऱ्यांत सगळ्या नळ्यांखाली मिळून १ किलो १०० ग्रॅम बी जमायला हवे. प्रत्येक नळीखाली वेगळी पिशवी बांधली, तर कोणती नळी बुजली आहे तेही कळते. ज्वारीच्या बियाण्यास काणी रोगासाठी ३०० मेश गंधक किलोला ४ ग्रॅम चोळून ठेवता येते. हरभऱ्याला ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम मात्र पेरणीच्या वेळीच लावावे. आधीच लावून पोती भरून ठेवू नयेत.

प्रश्न : आमचे निमगरवे (मध्यम मुदतीचे) भात आडवे झाले आहे आणि खाचरात पाणी आहे. लोंब्यांना मोड येण्याची भीती वाटते. (एक वाचक, माणगाव, जि. रायगड)

उत्तर : सोयाबीनबाबत आम्ही थांबा म्हटले, पण आडव्या झालेल्या आणि पाण्याला टेकलेल्या भाताबाबत थांबण्यात अर्थ नाही. बांध फोडून पाणी आधी काढावे. पाऊस थांबेल त्या अर्ध्या दिवसात लोळलेला भाग आधी कापावा, उभे असलेले भात नंतर. कापलेले भात चिखलात न ठेवता बांधावर किंवा कातळावर न्यावे, लोंब्या वर येतील असे भारे उभे करावेत आणि उडवी (भाऱ्यांचा ढीग) रचण्याची वाट न पाहता त्याच दिवशी झोडणी करावी. ओल्या पेंढ्यासह ठेवलेल्या लोंबीपेक्षा झोडलेला दाणा ओटीवर किंवा पडवीत पसरून सांभाळणे सोपे असते. तो पातळ थरात पसरावा, वारंवार हलवावा, पंखा असेल तर लावावा. ऊन पडल्यावर एकदम कडक उन्हात दिवसभर न टाकता टप्प्याटप्प्याने वाळवावा, नाहीतर भरडताना कणी फार होते. साठवणीसाठी ओलावा १२ ते १४ टक्क्यांवर यायला हवा.

गावात सावड, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने काम करण्याची रीत, चालत असेल, तर या वर्षी ज्याचे भात पाण्यात आहे त्याच्याकडे आधी जाण्याचे ठरवावे. पायाला जखम असलेल्या माणसाने साचलेल्या पाण्यात उतरू नये, उतरणे भाग असेल तर गमबूट घालावेत. त्यानंतरच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्यांत वेदना जाणवल्या, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) शंका डॉक्टरांना सांगावी.

प्रश्न : पावसात भिजलेली सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) काळी पडली आहे. जनावरांना घालावी का? (एक शेतकरी, जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : घालू नये, विशेषतः गाभण आणि दुभत्या जनावरांना अजिबात नको. काळी पडलेली गुळी कंपोस्टच्या खड्ड्यात शेणकाल्यासह थर देऊन टाकावी. वरवर भिजलेली, पण वास नसलेली गुळी पूर्ण वाळवूनच वापरावी. गोठ्यातला ओलावा काढण्यासाठी याच दिवसांत मूत्राची नाली साफ करावी आणि खुरांमधील चिखल धुऊन खूर तपासावेत.

प्रश्न : नुकसानीची नोंद कशी करावी? शिवाय शेजाऱ्याने नैसर्गिक ओघळ बुजवल्यामुळे पाणी आमच्याच शेतात तुंबते. (एक वाचक, गंगाखेड, जि. परभणी)

उत्तर : शासकीय मदतीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान पंचनाम्यात नोंदले जावे लागते, आणि तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक यांच्या पथकाकडे नोंद व्हावी यासाठी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. ई-पीक पाहणीत पीक नोंदलेले आहे का ते सातबाऱ्यावर पाहावे. पीक काढण्यापूर्वीची, मोड आलेल्या शेंगा स्पष्ट दिसतील अशी तारखेसह छायाचित्रे ठेवावीत. पीकविम्याबाबत जुन्या सवयीने वागू नये. खरीप २०२५ पासून राज्यातील योजनेत भरपाई पीककापणी प्रयोगांतून येणाऱ्या महसूल मंडळाच्या उत्पादनावर ठरते, त्यामुळे ७२ तासांत वैयक्तिक सूचना देऊन काढणीपश्चात नुकसान मागण्याची पूर्वीची वाट त्या हंगामात राहिली नाही. आपण ज्या हंगामाचा विमा भरला, त्या हंगामाच्या अटी सेवा केंद्रातून तपासाव्यात.

ओघळीचा प्रश्न भर पावसात बांधावर सोडवू नये. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार नैसर्गिक प्रवाहाला केलेला अडथळा दूर करण्यासाठी तहसीलदारांकडे दावा दाखल करता येतो. तो अडथळा निर्माण झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणून पाणी तुंबलेले असतानाची छायाचित्रे आजच काढून ठेवावीत.

प्रश्न : भिजलेल्या सोयाबीनमधून पुढच्या वर्षीचे बियाणे राखता येईल का? (एक शेतकरी भगिनी, उदगीर, जि. लातूर)

उत्तर : ताई, काढणीच्या वेळी भिजलेल्या मालातून बियाणे राखू नये. दाणा वरून बरा दिसला तरी त्याची उगवणशक्ती साठवणीत झपाट्याने घटते. ज्या तुकड्यातील शेंगा सर्वांत कमी भिजल्या, तो आजच खूण करून वेगळा ठेवावा, त्याची मळणी कमी गतीवर करावी आणि बी १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत सावकाश वाळवावे. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर, एकावर एक ७-८ पेक्षा जास्त न ठेवता रचावीत आणि उचलताना आपटू नयेत, कारण सोयाबीनचे साल पातळ असून आतला अंकुर मार सोसत नाही. मे महिन्यात १०० दाणे ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर रांगेने मांडून गुंडाळी करावी, ती सावलीत ओलसर ठेवावी आणि आठव्या दिवशी उलगडून निरोगी कोंब मोजावेत. ते ७० किंवा अधिक असतील तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे, ६० ते ७० च्या दरम्यान असतील तर बियाण्याचे प्रमाण त्या हिशेबात वाढवावे, आणि त्याहून कमी असतील तर तो माल बाजारात नेऊन दुसऱ्या बियाण्याची सोय जूनपूर्वी करावी.